दीड डॉलर आणि पाच मुली

सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकते. माझी शाळा कॉन्व्हेंट. मराठी आम्हाला तिसरी भाषा म्हणून होती, तीही मार्कांपुरती. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाचे घोळ संपादक मंडळाने पोटात घातले तरच हा लेख तुमच्यापर्यंत पोचेल. इंग्लिश सेक्शनला दिला असता तर माझा आणि त्यांचा दोघांचाही त्रास वाचला असता. पण ही गोष्ट मला आधी माझ्या आजीला वाचून दाखवायची आहे, आणि आजीला इंग्लिश येत नाही. विषय संपला!

झालं असं की महिला दिनाला आपल्याकडे पोस्टर स्पर्धा होती. चिठ्ठ्या टाकून नावं वाटली. माझ्या रूममेटला सावित्रीबाई मिळाल्या, शेजारच्या बाकावर कल्पना चावला गेली, आणि माझ्या चिठ्ठीत निघालं मेरी मॅक्लिऑड बेथून. हे कोण? एकीला वाटलं, कलकत्त्याच्या बेथून कॉलेजवाल्या. सोलापूरच्या मैत्रिणीला वाटलं, चीनमधल्या त्या डॉक्टर बेथूनची बायको असेल, ज्यांच्या नावाच्या हॉस्पिटलात डॉ. कोटणीस होते. दोन्ही चूक. या बेथूनबाई अमेरिकेतल्या, कृष्णवर्णीय, गुलामांच्या पोटी जन्मलेल्या. पोस्टरला मला उत्तेजनार्थ बक्षीससुद्धा मिळालं नाही, पण बाई काही डोक्यातून जाईनात. का ते शेवटी सांगते.

आधी एक आपल्याकडची गोष्ट. १८७३ साली महात्मा फुल्यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक लिहिलं आणि ते अर्पण केलं अमेरिकेतल्या लोकांना. कशासाठी, तर तिथल्या काळ्या लोकांना गुलामीतून सोडवल्याबद्दल. पुण्यात बसलेला एक माणूस सातासमुद्रापलीकडच्या गुलामांचा विचार करत होता! त्यानंतर दोनच वर्षांनी, १० जुलै १८७५ रोजी, साउथ कॅरोलिना राज्यात मेझव्हिल गावाजवळ मेरीचा जन्म झाला. सॅम्युएल आणि पॅट्सी मॅक्लिऑड यांच्या सतरा मुलांपैकी ती पंधरावी. आईवडील दोघंही गुलाम होते. वरच्या भावंडांपैकी कितीतरी जणांचा जन्मही गुलामीतलाच. मेरीचा जन्म मात्र स्वातंत्र्यातला.

स्वातंत्र्य म्हणजे काय, हे मात्र तिला लवकरच कळलं. घरचा थोडा जमिनीचा तुकडा होता, त्यावर कापूस. मुलंबाळं सगळी शेतावर. आई जुन्या मालकांकडची धुणी करायची. एकदा आईबरोबर मेरी त्या घरी गेली. तिथल्या मुलींच्या खेळायच्या खोलीत एक पुस्तक पडलं होतं. मेरीने सहज उचललं, तर त्या घरातली मुलगी म्हणाली की ठेव ते खाली, तुला कुठे वाचता येतं! पुढे आयुष्यभर मेरी हा प्रसंग सांगायची. तिचं म्हणणं असं की गोऱ्यांची मोठी घरं, कपडे, गाड्या हे सगळं ती रोज बघत होती, पण आपल्यात आणि त्यांच्यात खरा फरक कुठला, तर त्यांना वाचता येतं आणि आपल्याला नाही, हे तिला त्या दिवशी उमगलं.

यात अतिशयोक्ती नाही. गुलामीच्या काळात साउथ कॅरोलिनात गुलामांना लिहायला-वाचायला शिकवणं हा कायद्याने गुन्हा होता. मालकाला ठाऊक होतं की वाचणारा माणूस फार काळ गुलाम राहत नाही.

मग गावात मिशनची एक शाळा निघाली. एम्मा विल्सन नावाच्या कृष्णवर्णीय शिक्षिका ती चालवायच्या. एवढ्या भावंडांमधून शाळेत पाठवायला परवडणार होतं एकालाच. मेरीचा नंबर लागला. रोज पाच मैल जायचं आणि पाच मैल यायचं, म्हणजे आठ आणि आठ सोळा किलोमीटर, तेही पायी. (आणि आपण होस्टेल ते वर्कशॉप चालताना कुरकुर करतो!) संध्याकाळी घरी आली की दिवसभरात जे शिकली ते घरच्यांना शिकवायची. बाजारात कापूस विकायला नेला की वजनाचा आणि पैशांचा हिशोबही तीच बघायची. घरात एकीला अक्षर आलं आणि अख्ख्या घराची फसवणूक थांबायला लागली.

पुढचं शिक्षण कसं होणार? इथे आणखी एक बाई आल्या. मेरी क्रिसमन. राहणार कोलोरॅडोमधल्या डेन्व्हरला, म्हणजे पार दुसऱ्या टोकाला. धंदा शिवणकामाचा. शिवणाच्या कमाईतून त्यांनी एका काळ्या मुलीच्या शिक्षणाचा खर्च उचलायचं ठरवलं होतं. एम्माबाईंनी मेरीचं नाव सुचवलं. त्या शिष्यवृत्तीवर १८८८ मध्ये मेरी नॉर्थ कॅरोलिनाच्या स्कॉशिया सेमिनरी या मुलींच्या शाळेत गेली. तिथे गोऱ्या आणि काळ्या शिक्षिका एकाच ठिकाणी काम करत होत्या. मेरीने असं कधी पाहिलंच नव्हतं.

१८९४ मध्ये तिथून ती शिकागोला मूडी यांच्या मिशनरी शिक्षणसंस्थेत गेली. तिला आफ्रिकेत जाऊन धर्मसेवा करायची होती. वर्षभर शिकून अर्ज केला. उत्तर आलं की आफ्रिकेत काळ्या मिशनऱ्यांसाठी जागा नाहीत. आफ्रिकेत! मला हे वाचून आधी हसू आलं आणि मग हसल्याची लाज वाटली.

एवढी मोठी निराशा झाल्यावर माणूस काय करतो? मेरी परत दक्षिणेत आली आणि शिक्षिका झाली. जॉर्जियातल्या ऑगस्टा गावी ल्यूसी लेनी या कृष्णवर्णीय बाईंनी स्वतः काढलेली शाळा होती, तिथे ती शिकवू लागली. एखादी बाई शून्यातून शाळा उभी करू शकते, हे तिने तिथे डोळ्यांनी बघितलं. आफ्रिकेचं काम आपल्या दारातच पडलंय, हेही तिला तिथेच पटलं. १८९८ मध्ये अल्बर्टस बेथून यांच्याशी लग्न झालं, पुढच्या वर्षी मुलगा झाला. संसार फार टिकला नाही. १९०७ मध्ये नवरा सोडून गेला. पण तोपर्यंत मेरीची मेरीबाई झाली होती. आपल्याकडे शिकवणाऱ्या बाईला नुसतं 'बाई' म्हणतात, तशी. म्हणून इथून पुढे मीही त्यांना अहो-जाहोच करणार आहे. त्यालाही एक कारण आहे, ते पुढे येईल.

१९०४ साल. फ्लॉरिडाच्या पूर्व किनाऱ्यावर रेल्वेचं काम जोरात चाललं होतं. दगडमाती वाहायला कृष्णवर्णीय मजूर आले होते. श्रीमंत गोरे लोक हिवाळ्यात हवा खायला डेटोनाला यायचे आणि त्यांच्या बंगल्यांवर मोलकरणीही काळ्याच. या लोकांच्या मुलींसाठी मात्र शाळेची धड सोय नव्हती. बेथूनबाई पाच वर्षांच्या मुलाला घेऊन डेटोनाला आल्या. वय २९. जवळ दीड डॉलर.

अकरा डॉलर महिना भाड्याने त्यांनी एक छोटंसं घर घेतलं. दीड डॉलरवाल्या बाईने अकरा डॉलरचं घर! आपल्या एखाद्या प्रोजेक्टचं बजेट असं मांडलं तर गाइड पहिल्याच पानावर लाल पेन फिरवेल. पण त्यांनी घर घेतलं आणि ऑक्टोबरमध्ये शाळा सुरू केली. पाच मुली, आणि बाईंचा स्वतःचा मुलगा. खोक्यांची टेबलं केली. लाकूड जाळून त्याच्या कोळशाच्या पेन्सिली केल्या. एल्डरबेरी नावाच्या जांभळट फळांच्या रसाची शाई केली. शाळेचं नाव मात्र असं की एका दमात म्हणता येत नाही, डेटोना लिटररी अँड इंडस्ट्रियल ट्रेनिंग स्कूल फॉर नीग्रो गर्ल्स. (नीग्रो हा शब्द तेव्हा सर्रास वापरत, आज तो कोणी वापरत नाही.)

पैसे कुठून आले? रताळ्यांमधून! बाई आणि मुली रताळ्याचं गोड सारण भरून पाय करायच्या आणि रेल्वेच्या मजुरांना विकायच्या. (पाय म्हणजे पाऊल नव्हे, भट्टीत भाजतात तो पदार्थ. आजीसाठी खुलासा.) वर्षभरात मुली तीसच्या आसपास झाल्या. जागा पुरेना. गावातली कचरा टाकायची एक जागा होती, लोक तिला नरकाचा खड्डाच म्हणायचे. बाईंनी ती विकत घ्यायचं ठरवलं. किंमत दोन-अडीचशे डॉलर, आणि इसार दिला पाच डॉलरचा. तो पाच डॉलरचा इसारसुद्धा पाय आणि आइस्क्रीम विकून जमवला. त्या कचऱ्याच्या ढिगावर मग पहिली मोठी इमारत उभी राहिली. तिचं नाव फेथ हॉल. फेथ म्हणजे श्रद्धा. मटेरियलच्या यादीत तीच जास्त होती बहुतेक.

मला सगळ्यात आवडलेला प्रसंग पुढचा. बाई श्रीमंतांच्या बंगल्यांवर वर्गणी मागत फिरायच्या. साबणाच्या प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीतले जेम्स गॅम्बल डेटोनाला यायचे. बाईंनी त्यांना शाळेचं विश्वस्त व्हायचं आमंत्रण दिलं. गॅम्बलसाहेब बघायला आले. बघतात तर काय, लहानसं घर आणि खोकी. त्यांनी विचारलं की ज्या शाळेचा मी विश्वस्त व्हायचं ती शाळा आहे कुठे? बाई शांतपणे म्हणाल्या की ती माझ्या मनात आहे, आणि तिचेच विश्वस्त व्हा अशी माझी विनंती आहे. गॅम्बल झाले विश्वस्त! आपण चार वर्षं ड्रॉइंग काढायला शिकतो. कागदावर नसलेल्या इमारतीवर समोरच्याचा विश्वास बसवायचा म्हणजे काय, हे बाईंकडून शिकावं.

शिलाई मशीनच्या कारखान्याचे मालक थॉमस व्हाइट यांची तर गंमतच आहे. ते शाळेत आले तर मुली एका मोडक्या सिंगर मशीनवर शिवत होत्या. म्हणजे प्रतिस्पर्धी कंपनीचं मशीन! त्यांनी नवीन मशीन तर दिलंच, अर्धवट इमारत पुरी करायला माणसंही पाठवली.

आता कोणी म्हणेल, हे भीक मागणंच झालं. शिवाय या शाळेत स्वयंपाक, शिवण, धुणं हेसुद्धा शिकवायचे. म्हणजे मुलींना मोलकरणीच करायचं होतं का? बाईंवर अशी टीका खरंच झाली. गोऱ्यांशी फार जमवून घेतात, वेगळ्या शाळा आणि वेगळे डबे ही पद्धत मोडून काढायच्या ऐवजी तिच्या आतच जागा शोधतात, असंही लोक म्हणाले. मलाही सुरुवातीला तसंच वाटलं. पण मग मी बघितलं की दारात उभी राहून पैसे मागणारी ही बाई त्या पैशांचं करते काय.

१९११ च्या सुमाराची गोष्ट. शाळेतल्या एका मुलीला अपेंडिक्सचा त्रास झाला. गावात काळ्यांसाठी हॉस्पिटल नव्हतं. बाईंनी विनवण्या करून तिला गोऱ्यांच्या दवाखान्यात दाखल केलं. नंतर भेटायला गेल्या तर ऑपरेशन झालेली ती पोर मागच्या ओट्यावर, उघड्यावर ठेवलेली. बाईंनी तिला तिथून हलवलं आणि त्याच वर्षी स्वतःचं हॉस्पिटल काढलं. सुरुवात दोन खाटांची. नाव दिलं माहेरचं, मॅक्लिऑड हॉस्पिटल. आणि तिथेच काळ्या मुलींना नर्सचं शिक्षण द्यायला सुरुवात केली. दुसरी एखादी बाई रडली असती, नाहीतर पेपरला पत्र लिहिलं असतं. बाईंनी नर्सेस तयार केल्या!

हीच बाईंची पद्धत. एक दार तोंडावर आपटलं की त्या शेजारी स्वतःचं दार बांधायच्या आणि त्याची किल्ली मुलींच्या हातात द्यायच्या. डेटोनाच्या किनाऱ्यावर काळ्यांना समुद्रात उतरायला बंदी होती, तर १९४० च्या दशकात त्यांनी काही लोकांना बरोबर घेऊन समुद्रकिनाराच विकत घेतला! मदत गोऱ्यांची, जमीन विकत घेतलेली, पण कारभार स्वतःच्या लोकांचा.

१९२० मध्ये अमेरिकेत बायकांना मताचा हक्क मिळाला. कागदावर सगळ्या बायकांना, पण दक्षिणेत काळ्यांनी मतदान करू नये म्हणून कर आणि वाचनाची परीक्षा अशी खास सोय केलेली होती. बाई सायकल घेऊन दारोदार फिरल्या, कराचे पैसे गोळा केले. रात्री वर्ग घेऊन परीक्षेची तयारी करून घेतली. झालं! कू क्लक्स क्लॅन नावाची गोऱ्या गुंडांची टोळी होती, पांढरे झगे घालून काळ्यांना मारणारी, जाळणारी. एका निवडणुकीच्या आदल्या रात्री ते शाळेवर चालून आले. वसतिगृहात मुली होत्या. बाई दारात उभ्या राहिल्या आणि हलल्या नाहीत. मुली आतून प्रार्थनेची गाणी म्हणत होत्या असं सांगतात. टोळी आली तशी निघून गेली. दुसऱ्या दिवशी बाई शंभरेक काळ्या मतदारांना घेऊन रांगेत हजर!

१९२३ मध्ये ही शाळा जॅक्सनव्हिलच्या कुकमन इन्स्टिट्यूटमध्ये विलीन झाली आणि मुलंही आली. १९३१ मध्ये तिचं बेथून-कुकमन कॉलेज झालं, २००७ पासून ती युनिव्हर्सिटी आहे. एका कॉलेजच्या अध्यक्षपदी कृष्णवर्णीय बाई, ही त्या काळात जवळजवळ न ऐकलेली गोष्ट.

एका माणसाच्या आयुष्याला खरं म्हणजे इतकं पुरे. पण बाईंच्या लक्षात आलं होतं की देशभर काळ्या बायकांची मंडळं आहेत. कोणाची अनाथाश्रमं, कोणाची वाचनालयं, कोणाची बालवाडी. प्रत्येकजण आपापल्या गल्लीत. वॉशिंग्टनला निर्णय होतात तिथे त्यांचं ऐकणारं कोणी नाही. इंजिनिअरिंगच्या भाषेत, सुटे तार खूप होते पण दोर वळलेला नव्हता. त्या आधी १९२४ ते १९२८ या काळात कृष्णवर्णीय महिला मंडळांच्या राष्ट्रीय संघाच्या अध्यक्ष होत्या, तेव्हापासून हे डोक्यात होतं. शेवटी ५ डिसेंबर १९३५ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांनी अनेक संघटनांच्या प्रतिनिधी एकत्र बसवून नॅशनल कौन्सिल ऑफ नीग्रो विमेन स्थापन केली. सगळं गोडीगुलाबीत झालं असं नाही. ज्येष्ठ कार्यकर्त्यांपैकी काहींनी तिथेच शंका काढली की आणखी एक संघटना कशाला? (आपल्याकडे गॅदरिंग कमिटीच्या मीटिंगला होतं ना, अगदी तसंच!) पण बाई पहिल्या अध्यक्ष झाल्या आणि १९४९ पर्यंत राहिल्या. १९४३ मध्ये कौन्सिलने वॉशिंग्टनमध्ये स्वतःचं घर विकत घेतलं. ज्यांच्या आयांना कोणाच्या तरी मालकीचं समजत होते, त्यांच्या मुलींच्या नावावर राजधानीत घर!

याच काळात रूझवेल्ट अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष होते. मंदीमुळे तरुण बेकार होते, त्यांच्यासाठी नॅशनल यूथ अॅडमिनिस्ट्रेशन नावाचं खातं होतं. १९३६ मध्ये तिथल्या कृष्णवर्णीय तरुणांच्या विभागाचं काम बाईंकडे आलं. अमेरिकन केंद्र सरकारात असा विभाग सांभाळणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला. फक्त हिशोब ठेवायला त्यांना नेमलंय असं कोणाला वाटलं असेल तर ते चुकले. काळ्या मुलामुलींचा वाटा त्यांना मिळालाच पाहिजे म्हणून त्या भांडत राहिल्या. कॉलेजसाठीच्या खास निधीतून चार हजारांहून जास्त विद्यार्थ्यांना मदत मिळाली. सरकारातल्या इतर कृष्णवर्णीय अधिकाऱ्यांना त्या नियमाने आपल्या घरी जमवायच्या, लोक त्या गटाला काळं मंत्रिमंडळ म्हणायचे. १९४२ मध्ये सैन्यात बायकांची तुकडी निघाली तेव्हा अधिकाऱ्यांच्या पहिल्या ४४० जागांत काळ्या बायकांसाठी ४० जागा ठेवल्या गेल्या. त्यामागेही बाईंचा पाठपुरावा होता.

आता ती अहो-जाहोची गोष्ट. १९३८ मध्ये अलाबामातल्या बर्मिंगहॅम शहरात एक मोठी परिषद भरली होती. गोरे-काळे दोघंही आले होते. पोलिसांनी येऊन सांगितलं की गोऱ्यांनी एका बाजूला बसायचं, काळ्यांनी दुसऱ्या. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट या बाईंच्या मैत्रीण. त्यांनी आपली खुर्ची उचलून दोन्ही बाजूंच्या मधल्या वाटेत ठेवली. त्याच परिषदेत अध्यक्षपदी बसलेल्या गोऱ्या बाईंनी बेथूनबाईंना व्यासपीठावर बोलावताना नुसतं मेरी म्हणून हाक मारली. दक्षिणेत गोरा माणूस काळ्या माणसाला असंच बोलवायचा, वय काहीही असो. बाई तेव्हा ६३ वर्षांच्या, एका कॉलेजच्या अध्यक्ष. त्या उठल्या आणि भर सभेत सांगितलं की माझं नाव मिसेस बेथून आहे. आवाज चढवला नाही. त्यानंतर त्यांना तशीच हाक मारली गेली.

मित्रांनो, इंग्लिशमध्ये 'यू' एकच आहे. त्यामुळे मिस्टर-मिसेस काढून घेतलं की काय काढून घेतलं हे इंग्लिशमध्ये वाचताना मला नीट समजलं नसतं. मराठीत लगेच समजतं. आपल्या घरी भांडी घासायला येणाऱ्या मावशी आईपेक्षा मोठ्या असतात, तरी कितीतरी घरांत त्यांना 'ए' म्हणूनच हाक असते. म्हणून हा लेख मराठीत लिहिला, हे दुसरं कारण.

१९४५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला संयुक्त राष्ट्रांच्या स्थापनेची परिषद झाली. तिथेही सल्लागार म्हणून बाई हजर होत्या. आणि १९५२ मध्ये, वयाच्या ७६ व्या वर्षी, त्या आफ्रिकेत पोचल्या. लायबेरियाच्या राष्ट्राध्यक्षांच्या शपथविधीला, अमेरिकन सरकारच्या प्रतिनिधी म्हणून! शिकागोला ज्यांनी जागा नाही असं कळवलं होतं, त्यांच्यापैकी कोणी हे बघायला हयात होतं का कोण जाणे.

१८ मे १९५५ रोजी डेटोनाच्या घरी हृदयविकाराने त्या गेल्या. कॉलेजच्या आवारातच त्यांना पुरलं. जाण्याआधी त्यांनी एक मृत्युपत्र लिहून ठेवलं होतं, पण त्यात पैसाअडका नव्हता. प्रेम, आशा, शिक्षणाची तहान, एकमेकांवरचा विश्वास, आणि तरुणांबद्दलची जबाबदारी, असं सगळं त्यांनी आपल्या लोकांच्या नावे केलं होतं. त्यांच्या कौन्सिलचं काम डोरोथी हाइट यांनी पुढे चालवलं. १९३७ मध्ये तरुण वयात त्या बाईंना भेटल्या होत्या, आणि १९५७ पासून जवळजवळ चाळीस वर्षं अध्यक्ष राहिल्या.

जुलै २०२२ मध्ये वॉशिंग्टनला संसदेच्या इमारतीत बेथूनबाईंचा संगमरवरी पुतळा बसला. तिथे प्रत्येक राज्याचे दोन पुतळे असतात. फ्लॉरिडाचा आधीचा पुतळा एका सेनापतीचा होता, जो गुलामगिरी टिकवण्याच्या बाजूने लढला होता. तो गेला आणि त्याच्या जागी गुलाम आईबापांची ही मुलगी उभी राहिली. कोणत्याही राज्याने तिथे पाठवलेला हा पहिला कृष्णवर्णीय व्यक्तीचा पुतळा. एका हातात काठी, दुसऱ्या हातात काळा गुलाब. आपल्या विद्यार्थ्यांना त्या काळे गुलाब म्हणायच्या.

आता सांगते, बाई डोक्यातून का जाईनात.

गेल्या वर्षी आम्ही काहीजणांनी कॉलेजमागच्या वस्तीत मुलींसाठी रविवारचा अभ्यासवर्ग सुरू केला होता. बॅनर केला, साठ वह्या वाटल्या, फोटो काढले. फोटोत आम्हीच पुढे होतो. पहिल्या रविवारी किती मुली आल्या माहितेय? पाच! आम्ही नाराज झालो, म्हटलं इतकी मेहनत आणि पाचच. तीन रविवार गेलो. मग सबमिशन आलं, मग ओरल्स, मग पीएल. डिसेंबरमध्ये चौथीतली एक मुलगी मला कॉलेजच्या गेटवर भेटली. ताई, या रविवारी वर्ग आहे का, म्हणाली. मी हो हो म्हटलं आणि गेले नाही.

पोस्टर रंगवताना पाच मुली हे शब्द लिहिले आणि हात थांबला. बाईंनाही पाचच मिळाल्या होत्या. फरक एवढाच की त्यांनी त्या पाचांना कमी म्हटलं नाही, आणि पुढच्या रविवारी त्या तिथे होत्या. आम्ही वह्या दिल्या आणि स्वतःला मोठं मानलं. बाईंनी मुलींना शिकवलं, मग त्या मुलींनाच शिक्षिका केलं, नर्स केलं, मतदार केलं. डेन्व्हरच्या त्या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी एका मुलीचा खर्च केला होता, फक्त एका. पण ती मदत तिथे थांबली नाही, म्हणून आज तिची युनिव्हर्सिटी झालेली दिसते. मदत घेणारी उद्या मदत देणारी झाली तर ती मदत खरी, नाहीतर तो नुसता फोटो.

एप्रिलपासून आम्ही वर्ग पुन्हा सुरू केलाय. या वेळी बॅनर नाही. समाजमंदिराच्या खोलीची किल्ली वस्तीतल्याच दोन दहावीच्या मुलींकडे आहे. लहानांना त्या शिकवतात, आणि त्यांचं गणित आणि सायन्स आम्ही बघतो. आम्ही नाही आलो तरी वर्ग भरतो, हे मागच्या युनिट टेस्टच्या आठवड्यात सिद्ध झालं. आमचा थोडा अपमानच झाला, पण बरं वाटलं!

ती चौथीतली मुलगी आता पाचवीत आहे. पहिल्या दिवशी ती आली, पण माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या रविवारी बोलली.